नो डिस्क : आपल्या दोन तालुक्यांतल्या स्वस्त डीव्हीडी प्लेयरचा इतिहास

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

परवा शहापूरच्या बाजारात एका रिपेअरिंगच्या दुकानात तासभर बसलो होतो. पिशवीत माझा जुना डीव्हीडी प्लेयर. दुकानदार ओळखीचा. त्याने झाकणाचे स्क्रू काढले, आत फुंकर मारली, डिस्क टाकून बघितली आणि मान हलवली.

"दादा, लेन्स बसलीय. आणि खरं सांगू का, हे काम आता कोणी आणतच नाय. वर्षभरात तुम्ही दुसरे की तिसरे असाल."

त्याच्या काउंटरवर आता मोबाईलचे डिस्प्ले, चार्जिंगचे पॉइंट, टेम्पर ग्लास. पण वरच्या फळीवर सात-आठ डीव्हीडी प्लेयर एकावर एक रचलेले. वर बोटभर धूळ. लोक दुरुस्तीला ठेवून गेले आणि न्यायला आलेच नाहीत. एकाच्या झाकणावर खडूने नाव आणि मोबाईल नंबर लिहिलाय, तो नंबरही आता बंद असेल.

मला प्लेयर सिनेमा बघायला नको होता. माझ्याकडे एक डिस्क आहे, ती एकदा तरी चालायला हवी होती. त्या डिस्कचं शेवटी सांगतो. आधी या डब्याचा इतिहास सांगू द्या. आपल्याकडे इतिहास म्हटलं की माहुलीचा किल्ला निघतो, सिद्धगडावरचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील निघतात, आणि निघायलाच पाहिजेत. पण शहापूर-मुरबाडच्या घराघरांत पंधरा वर्षं टीव्हीखाली बसलेल्या या वस्तूबद्दल कोणी दोन ओळी लिहिलेल्या मला सापडल्या नाहीत.

मशीन भाड्याचं होतं तेव्हा

जे चाळिशी ओलांडून बसलेत त्यांना व्हीसीआर आठवेल. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हिडिओ. आमच्या गावात तो आला भाड्याने. हळदीची रात्र, गणपतीचं जागरण, नाहीतर सत्यनारायणाची पूजा. वर्गणी काढायची, टीव्ही आणि व्हीसीआर टेम्पोतून यायचा, ओटीवर मांडायचा आणि अंगणात अख्खं गाव. एका रात्रीत तीन सिनेमे. तिसरा सिनेमा कोणी पूर्ण बघितल्याचं मला आठवत नाही.

मशीनसोबत एक माणूस यायचा. बटणाला हात लावायचा अधिकार त्याचाच. चित्रावर मुंग्या आल्या की तो ऐटीत कागद स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि हेड पुसायचा. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून बघायचो. स्वतःचा व्हीसीआर असलेलं घर गावात एखादंच, तेही मुंबईत चांगल्या नोकरीला असलेल्याचं. बाकी सगळ्यांसाठी ती दुसऱ्याची वस्तू. आणि पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरायची ती वेगळीच.

चीन, एक एप्रिल आणि दोन हजाराच्या आतली वस्तू

१९९३ साली फिलिप्स, सोनी आणि आणखी दोन जपानी कंपन्यांनी मिळून व्हिडिओ सीडीचं, म्हणजे व्हीसीडीचं, माप ठरवलं. साध्या सीडीवर साधारण ७४ मिनिटांचं चित्र. अमेरिका-युरोपने तिच्याकडे फारसं बघितलं नाही, त्यांच्याकडे व्हीसीआर घरोघर होते. उचलली ती चीनने आणि आपल्यासारख्या दमट हवेच्या, कमी पैशाच्या देशांनी. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानात डीव्हीडी आली. सीडीत मावायचे ७०० एमबी, डीव्हीडीत ४.७ जीबी. चित्राचा फरक तर डोळ्यांना दिसायचा. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. सुरुवातीला डीव्हीडी प्लेयर ही श्रीमंताची गोष्ट होती.

मग दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. १ एप्रिल २००१ ला भारताने उरलेल्या ७१५ वस्तूंवरची आयातीची संख्येची बंधनं उठवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. त्या काळात पेपरांत "चिनी मालाचं आक्रमण" असे मथळे असायचे. मीही नंतर तसलं लिहिलंय, कबूल करतो. मथळे लिहिणाऱ्याच्या घरीही टीव्हीखाली चिनी प्लेयरच होता.

तो स्वस्त का झाला, हे त्याचं झाकण काढलं की कळतं. आत तीनच मोठ्या गोष्टी. एक सप्लायचं कार्ड, एक मेन कार्ड, आणि डिस्क फिरवणारा लोडर. पूर्वी जे काम पाच-सहा चिप मिळून करायच्या, ते एका चिपमध्ये आलं. तैवानच्या मीडियाटेक कंपनीच्या चिप यात खूप चालल्या. आज तुमच्यापैकी कित्येकांच्या मोबाईलमध्ये त्याच कंपनीची चिप आहे. लेन्सही ठरावीक. सान्योची नाहीतर सोनीची ठरलेल्या नंबरची लेन्स पन्नास वेगवेगळ्या नावांच्या प्लेयरमध्ये बसायची. बाहेरचं नाव काहीही असो, आतला माल तोच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मी माझा प्लेयर २००६ च्या दिवाळीत कल्याणला घेतला. एकोणीसशे रुपये, घासाघीस करून. कंपनीचं नाव सांगत नाही, ते नाव पुन्हा कुठे दिसलंही नाही. रिमोटवर इतकी बटणं की अर्धी कशासाठी आहेत ते शेवटपर्यंत कळलं नाही. गॅरंटी विचारली तर दुकानदार हसून म्हणाला, "साहेब, बिल सांभाळा, बाकी देवाची गॅरंटी." उल्हासनगरच्या मालाबद्दल "मेड इन यूएसए" म्हणजे "उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद आपल्याकडे जुनाच आहे. मुरबाडहून कल्याणला जाणारा प्रत्येक माणूस तो विनोद करत करत तिथून वस्तू घेऊन यायचा.

शिडी लाव

गावात त्याला डीव्हीडी प्लेयर कोणी म्हणत नव्हतं. व्हीसीडी असो, डीव्हीडी असो, एमपीथ्री असो, सगळं "शिडी". "शिडी लाव रे" म्हटलं की पोरगं टीव्हीकडे पळायचं, शिडी आणायला पडवीत नाही.

तो काळ लोडशेडिंगचा. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. ग्रामीण भागात बारा-बारा तास लाईट नसायची. लाईट येण्याची वेळ ठरलेली आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमाची वेळही ठरलेली, दोन्ही जुळतीलच असं नाही. शिडीचं तसं नव्हतं. लाईट आली की सिनेमा सुरू, गेली की बंद, परत आली की पुढचा भाग. प्लेयर दहा-पंधरा वॅट खाणारा, त्यामुळे बॅटरी आणि छोट्या इन्व्हर्टरवर चालायचा, टीव्ही तेवढा लहान हवा. दिवाळीनंतर आपल्याकडची कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, भिवंडी-कल्याणकडे. भट्टीवरच्या खोपटात बॅटरीवर लावलेली शिडी आणि समोर दहा-बारा पोरं, हे मी स्वतः बघितलंय. ज्या घराला दार नव्हतं त्या घरात हे मशीन होतं आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

काही प्लेयरना मागे किंवा पुढे माइकचं भोक असायचं. कंपनीने दिलं होतं कराओकेसाठी. आपल्याकडे त्यावर हरिपाठ झाला, गणपतीची आरती झाली, क्रिकेटच्या मॅचची कॉमेंट्री झाली, आणि एका गावात तर ग्रामसभेची दवंडीही.

शिड्या पण काय काय होत्या. दादा कोंडके, लक्ष्या-अशोक, कोळीगीतं, भारुडं, कीर्तनं. हिंदी सिनेमा दोन नाहीतर तीन व्हीसीडीत मावायचा, म्हणून थेटरात एक इंटरव्हल आणि घरात दोन. कसारा घाट चढून पुढे गेलं की मालेगाव. तिथल्या नासिर शेखने २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, गावातल्याच माणसांना घेऊन. त्याची गोष्ट पुढे देशभर पोचली, परवा २०२५ मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थेटरात लागला. आपल्याकडे कोणी शोले काढला नाही. पण लग्नाच्या शिड्या काढल्या, कबड्डीच्या, टेनिस क्रिकेटच्या टूर्नामेंटच्या, म्हसा यात्रेतल्या बैलबाजाराच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या. नवरा-नवरीचा फोटो बदामात फिरतोय, मागे हिंदी गाणं, खाली मंडपवाल्याचं नाव. हसू नका. गावातल्या साध्या माणसांचं चालतं-बोलतं चित्र घरी जपून ठेवायची सोय बहुतेकांना पहिल्यांदा त्यातूनच मिळाली.

आमची पत्रकारिताही शिडीवरच चालायची. लोकल केबलवर आठवड्याच्या बातम्या द्यायचो. कॅमेरा मीच धरायचा, निवेदनही मीच करायचं आणि रात्री कॉम्प्युटरवर बसून डिस्क जाळायचीही मीच. सकाळी मोटरसायकलवरून ती केबलवाल्याच्या खोलीत पोचवायची. तिथेही असलाच एक स्वस्त प्लेयर होता. एकदा त्याने आमची डिस्क घ्यायला नकार दिला आणि संध्याकाळभर सगळ्या गिऱ्हाइकांच्या टीव्हीवर निळा पडदा, त्यावर दोन शब्द, "नो डिस्क". दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "काय पत्रकार, काल तालुक्यात काय घडलंच नाय वाटतं?"

बिघाडांची बाराखडी

आता मुख्य विषय. हे मशीन बिघडायचं. भरपूर बिघडायचं. ज्याने ते वापरलं त्याला त्याचे बिघाड तोंडपाठ झाले, जसे शेतकऱ्याला भाताचे रोग.

ट्रे बाहेर येईना : आतला रबरी पट्टा सैल पडलेला. वरून एक थाप मारली की यायचा. थापेचं प्रमाण घरातल्या एकालाच जमायचं. पट्टा किरकोळ किमतीचा, पण मिळाला नाही तर लोक केसाला लावायचा रबर कापून बसवायचे. चालायचा आठवडाभर.

लाल दिवा लागेना : सप्लाय उडाला. गेलेली लाईट परत येते तेव्हा झटका देते, हे सगळ्यांना माहीत. सप्लायच्या कार्डावर वाटाण्याएवढे कंडेन्सर असतात, त्यांची टोपी फुगलेली दिसली की रोग सापडला. हे कार्ड तसं दणकट, व्होल्टेज कमी झालं तरी दम धरायचं. कित्येकदा टीव्हीचं चित्र आवळून लहान झालेलं असायचं आणि प्लेयर मात्र शांतपणे चालू. मारायची ती परत येणारी लाईट. आणि पाल. उबेला आत शिरलेली पाल सप्लायवर चिकटून मेलेली कितीदा निघाली, रिपेअरवाल्यांना विचारा.

चित्र उड्या मारतंय नाहीतर काळं-पांढरं झालंय : यात मशीन बिघडलेलंच नसायचं. पोराने रिमोटवरचं एखादं बटण दाबून चित्राची पद्धत बदललेली. पाल होतं ते एनटीएससी झालं (ही पाल वेगळी, टीव्हीची). लोक मशीन पिशवीत घालून टोकावड्याहून एसटीने मुरबाडला यायचे. रिपेअरवाला पाठ करून उभा राहायचा, तेच बटण दाबायचा आणि पन्नास रुपये घ्यायचा. आज तो स्वतःच हे हसत सांगतो.

गाणी ऐकू येतात, बोलणं ऐकू येत नाही : हा बिघाड भल्याभल्यांना कळला नाही. डीव्हीडीत आवाज सहा वाटांनी येतो आणि संवाद मुख्यतः मधल्या वाटेने. सेटिंग सहा स्पीकरचं आणि घरात जोडलेले दोनच, मग बोलणं जाणार कुठे? हिरो-हिरॉइन नुसती तोंडं हलवायचे. आमच्या शेजारी एकाने अख्खा सिनेमा तसाच बघितला आणि वर म्हणाला, आर्ट फिल्म असेल.

डीव्हीडी चालते, व्हीसीडी चालत नाही, किंवा उलटं : याचं कारण सुंदर आहे. एकाच लेन्सच्या मागे दोन लेझर असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० चा. एक मेला तरी दुसरा जिवंत राहू शकतो. घरात दोन भावांचं पटेना, एक घर सोडून गेला, तरी घर चालूच, तसं.

एक गोष्ट मात्र स्वस्त मशीनची मानायची. दुबईहून कोणी डीव्हीडी आणली तर महागड्या कंपनीचा प्लेयर ती नाकारायचा. कारण डीव्हीडीवाल्यांनी जगाचे भाग पाडलेले, भारत भाग पाचमध्ये आणि आखाती देश दोनमध्ये. स्वस्त प्लेयरला असला भेदभाव बहुधा नव्हता. जे द्याल ते तो खायचा.

आणि सगळ्यात शेवटचा रोग, नो डिस्क. डिस्क आत जाते, घरघर आवाज, "लोडिंग", मग "नो डिस्क". आधी सगळ्यांनी डिस्कलाच दोष द्यायचा. बनियनने पुसा, टूथपेस्ट लावा. टूथपेस्टने फरक पडायचाही, कारण खालच्या प्लॅस्टिकवरचा ओरखडा तिने थोडा घासला जातो. त्याने नाही जमलं तर कॉटन बडला स्पिरिट लावून लेन्स पुसा. चुलीचा धूर, पावसाळ्याची ओल, वाटेवरची लाल धूळ, सगळं त्या हरभऱ्याएवढ्या काचेवर बसायचं. आपल्या घरांत ती काच स्वच्छ राहणार कशी?

पुसूनही नाही चाललं तर मग शेवटचा उपाय. लेन्सच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, प्रीसेट म्हणतात. तो बारीक स्क्रू-ड्रायव्हरने केसभर फिरवला की लेझरला जास्त करंट मिळतो. मेलेला प्लेयर उठून बसतो. ओरखडे पडलेल्या डिस्कही वाचतो. गिऱ्हाईक खूश. पण तो जोर उसना असतो. लेझर जास्त तापतो आणि महिन्या-दोन महिन्यांत कायमचा जातो. प्रामाणिक रिपेअरवाला आधी सांगायचा, "फिरवतो, पण मग पुढे नाय चालणार." मग नवी लेन्स. ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून यायची आणि जवळपास कुठल्याही प्लेयरला बसायची. वर म्हटलं होतं ना, आतला माल तोच. त्यामुळे शहापुरात, मुरबाडमध्ये, किन्हवलीत, सरळगावात दहावी-बारावी झालेल्या पोरांनी एक टेबल आणि एक सोल्डरिंग गन घेऊन दुकानं टाकली. कुठल्याही कंपनीने त्यांना शिकवलं नाही. बिघाडांनी शिकवलं.

२०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने "दुरुस्तीचा अधिकार" या विषयावर समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही काढलं. चांगलंच झालं. पण ज्या वस्तूला आपण "चायना माल, टिकत नाही" म्हणून नावं ठेवली, ती चार स्क्रू काढले की उघडायची आणि तिचे सुटे भाग तालुक्याला मिळायचे. आजचा पंधरा हजारांचा मोबाईल उघडून दाखवा बरं घरी.

चोरीचा माल आणि चौतीस रुपये

खोटं कशाला बोला, त्यातल्या बऱ्याच शिड्या चोरीच्या होत्या. शुक्रवारी लागलेला सिनेमा रविवारच्या बाजारात. थेटरात लपवून शूटिंग केलेला, मध्येच समोरचा माणूस उठून लघवीला जाताना दिसायचा. २००९ मध्ये राज्य सरकारने हातभट्टीवाले आणि झोपडपट्टीदादांसाठीच्या १९८१ च्या कायद्यात, म्हणजे ज्याला आपण एमपीडीए म्हणतो त्यात, व्हिडिओ चोरांनाही घातलं.

पण चोरी मोडायचा खरा प्रयत्न किमतीने झाला. दिल्लीजवळच्या नोएडात कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २००७ मध्ये सिनेमाची अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. त्याआधी अस्सल डिस्क शंभराच्या वर जायची. किराणा दुकानात, स्टेशनच्या पुलावर, सगळीकडे त्या दिसायला लागल्या. आसनगावला लोकलमधून उतरणारा माणूस वडापावासोबत शिडी घेऊन घरी जायचा. सरळ रस्त्याने घेतलेली, कव्हर असलेली शिडी. त्याचाही एक मान होता.

ते दिवस फार टिकले नाहीत. आधी प्लेयरलाच पेन ड्राइव्हचं भोक आलं आणि डिस्क मागे पडली. मग मोबाईलचं मेमरी कार्ड आलं, दुकानात वीस रुपये देऊन गाणी-सिनेमे भरून घ्यायचे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि विषयच संपला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मोझर बेअर दिवाळखोरीत निघून मोडीत काढायचा आदेश झाला. मशीन गेलं भंगारवाल्याच्या हातगाडीवर. ई-कचऱ्याचे नियम कागदावर २०११ पासून आहेत, २०२२ मध्ये नवे आले. आपल्याकडे मात्र तांब्यासाठी वायरी जाळल्याचा वास नाल्याकाठी अजून येतो.

आता माझ्या डिस्कचं

२०११-१२ ला मुरबाड तालुक्यात काळू धरणाचा विषय पेटला होता. वन खात्याची परवानगी नसताना काम सुरू झालं, लोक कोर्टात गेले आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. त्या दिवसांत मी वाड्यावाड्यांत जाऊन बैठका टिपल्या. केबलवर त्यातली चार मिनिटं लागली. बाकी सगळं एका डिस्कवर जाळून ठेवलं आणि कॅमेऱ्याच्या टेपवर पुढच्या आठवड्यात लग्न शूट केलं. टेप महाग होत्या हो.

त्या डिस्कवर एक ठाकर आजी आहे. तिच्या माहेरचं गाव भातसाच्या पाण्यात गेलेलं. ती सगळ्यांना सांगते, पाणी चढायला लागलं तेव्हा आधी काय बुडलं, मग काय बुडलं. शेत, मग विहीर, मग देव. भाषण नाही, आवाज चढवणं नाही. "पानी मुंबईला जातं ते जाऊ दे, पन मला इचारलं कोनी?" एवढंच. आजी आता नाही. तिच्या नातवाने मागच्या महिन्यात फोन करून विचारलं, "दादा, तुमच्याकडं आजीचं शूटिंग होतं ना? घरात तिचा एक फोटो पण नाय."

लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह लावून बघितलं. त्याने डिस्क ओळखलीच नाही. म्हणून जुना प्लेयर काढला, कारण हे जुने डबे कधी कधी लॅपटॉप नाकारतो ते वाचतात. तर त्याची लेन्स बसलेली.

दुकानदाराने फळीवरचे प्लेयर एकेक करून काढले. पाचव्यात सारख्या नंबरची लेन्स निघाली. बसवली. डिस्क फिरली, अडकली, "नो डिस्क". तो माझ्याकडे बघून म्हणाला, "फिरवू का? पण एकदाच चालंल असं समजा." आधी आम्ही प्लेयरची लाल-पिवळी-पांढरी वायर कॅप्चर कार्डातून लॅपटॉपला जोडली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मग त्याने तो केसभर स्क्रू फिरवला.

चाललं. मध्ये मध्ये चौकोन पडत होते, दोनदा चित्र गोठलं. अठ्ठावन्न मिनिटांतली एकेचाळीस मिनिटं आली. आजी आली. शेत आणि विहीर आली. देवाच्या वाक्याला डिस्क अडकली ती पुढे गेलीच नाही. दुसऱ्यांदा लावली तर परत नो डिस्क. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. नातवाला फाईल पाठवली. त्याने उलट काही लिहिलं नाही, तासाभराने फोन केला आणि फोनवर पण बराच वेळ काही बोलला नाही.

चूक माझी आहे. चौदा वर्षं ती डिस्क माझ्या कपाटात होती आणि मी समजत होतो की डिस्कवर आहे म्हणजे सुरक्षित आहे. काळूचा विषय अजून संपलेला नाही. उद्या कोणी विचारेल की त्या वेळी गावाने काय म्हटलं होतं, तर कागदावर सरकारचं म्हणणं मिळेल. गावाचं म्हणणं असल्याच डिस्कांवर आहे.

म्हणून तुम्हाला हात जोडून काही गोष्टी सांगतो.

एक. आज घरी गेलात की गोदरेजच्या कपाटातल्या शिड्या काढा आणि उलट्या करून बघा. खालून चांदीसारखी असेल तर ती बहुधा कारखान्यात छापलेली, सिनेमाची. तिची घाई नाही. खालून जांभळट, निळसर, हिरवट असेल तर ती जाळलेली, म्हणजे लग्नाची, बारशाची, सभेची. तिच्यात रंगाचा थर असतो आणि तो उन्हाने, उष्णतेने विटतो. आधी ती वाचवा.

दोन. सीडीला आपण खालची चकचकीत बाजू जपतो आणि वर बॉलपेनने नाव लिहितो. उलटं आहे. सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली असतो. खालचा ओरखडा घासून निघतो, वरचा निघत नाही. डीव्हीडीत तो थर मध्ये असतो, दोन पातळ चकत्यांच्या आत, म्हणून ती वाकवू नका. कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ओढून काढू नका, थर सोबत निघेल.

तीन. ज्याच्याकडे डिस्कचा ड्राइव्ह असलेला लॅपटॉप आहे त्याला गाठा. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाईल असते, डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’मध्ये व्हीओबी फाईल. त्या कॉपी करा, व्हीएलसीवर चालतात. एक कॉपी पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्याच्या घरी. लॅपटॉपने नाही वाचली तरी फेकू नका, आमच्यासारखा जुना डबा शोधा.

चार, आणि हे ग्रामपंचायतींना आणि वाचनालयांना. चालू स्थितीतला एक प्लेयर, एक कॅप्चर कार्ड आणि एक हार्ड डिस्क एवढं ठेवा. एखाद्या सत्काराच्या शाली-नारळाच्या खर्चात बसेल. महिन्यातून एक रविवार लोकांना बोलवा. प्रत्येक गावातून दहा डिस्क निघाल्या तरी तालुक्याचा असा इतिहास जमेल जो कुठल्याही गॅझेटिअरमध्ये नाही.

मी माझ्यापासून सुरुवात करतोय. केबलच्या दिवसांतल्या माझ्याकडे अजून एकशे सत्तावीस डिस्क आहेत. काल रात्री मोजल्या. त्यात तुमच्या गावातली एखादी सभा, मोर्चा, कबड्डीची फायनल असू शकते. आणि माझ्या मित्राच्या फळीवर अजून तीन प्लेयर आहेत, म्हणजे तीन लेन्स.

ज्यांच्या घरी माळ्यावर जुना प्लेयर पडलाय त्यांनी तो भंगारात देऊ नका. आमच्याकडे आणून द्या. चालत नसेल तरी चालेल.